व्याह्यांच्या तोंडचा पाईप

२ मार्च, रविवार

आज मी व्याह्यांच्या पाईपवर बसलो.

पाईप म्हणजे तंबाखूचा. नळाचा असता तर काही वाटलं नसतं, पाणीपुरवठा खात्यात सगळी नोकरी मी पाईपांवर बसूनच काढली. हा लाकडी होता, तपकिरी, छान गुळगुळीत, आणि आमच्या सोफ्यावर उशीच्या आड ठेवलेला. सोफ्यावर कुणी पाईप ठेवतं का? पण विचारायची सोय नव्हती. मुलीचे होणारे सासरे पहिल्यांदाच घरी आलेले. मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, हातभार लावायला उठलेल्या त्यांना "बसा, बसा" म्हणत स्वतःच बसलो आणि खालून कट्‌कन आवाज आला.

ठमी (माझी मुलगी, खरं नाव कागदोपत्री) ओढणीत तोंड लपवून हसत होती. तिचा होणारा नवरा लगेच वाकून तुकडे गोळा करायला लागला. तो इतका उंच आहे की मनातल्या मनात मी त्याला खांब म्हणतो. व्याही मात्र एक शब्द बोलले नाहीत. तसे ते आल्यापासूनच बोलले नव्हते. तासभर पाईप तोंडात धरून नुसतं "हं" आणि "हंहं". मोठे भूलतज्ज्ञ होते म्हणे इस्पितळात. असतील. म्हणून काय समोरच्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत? केवढी ही घमेंड!

मग खांब हळूच म्हणाला, "आईने दिला होता तो." त्याची आई चार वर्षांपूर्वी गेली.

आणि अशा वेळी माझं तोंड डोक्याला न विचारताच सुटतं. म्हणालो, "व्याही, काळजी सोडा. मी स्वतःच्या हाताने तुम्हाला नवा पाईप करून देतो. लाकूडकाम हा तर माझा छंद आहे."

ठमीचं हसू जागच्या जागी थांबलं. या घरात मी केलेलं लाकूडकाम म्हणजे स्वयंपाकघरातली ती फळी. तिच्यावर ठेवलेला डबा आपोआप डावीकडे चालत जातो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

५ मार्च

ठमीला म्हटलं, बाजारातून एक चांगला विकत आणतो, संपलं. ती म्हणाली, "नाही बाबा, तूच कर. शब्द दिलायस." आणि हे म्हणताना तिचा चेहरा असा काही गंभीर, की मी बाजाराची पिशवी परत खुंटीला लावली.

तिचं सध्या काहीतरी बिनसलंय. समुद्रापलीकडे नोकरी चालून आली आहे, तिला आणि खांबाला एकाच शहरात. असं नशीब कुणाचं असतं? लग्नानंतर लगेच जायचं, एप्रिल संपायच्या आत होकार कळवायचा. आणि ही म्हणते, बघू. का बघू? तर म्हणे, "तू एकटा पडशील." मी म्हटलं, "मी काय कुकुल्लं बाळ आहे? तुझी आई गेली तेव्हा तू शाळेत होतीस, तेव्हा सांभाळलंच ना सगळं?" ती म्हणाली, "तेव्हा मी होते ना घरात."

तिला वाटतं मला काही कळत नाही. मला फक्त एवढंच हवंय की तिने जावं. माझ्यापायी पोरीचं पाऊल अडलं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही.

८ मार्च

सुताराकडे जाऊन आलो. तो म्हणाला, लाकूड कठीण पाहिजे, नाहीतर निखाऱ्याने चिरेल. आणि त्याला स्वतःचा वास नको. त्याने नासपतीच्या खोडाचे दोन ठोकळे दिले. मी एकच मागत होतो. तो म्हणाला, "दोन न्या, साहेब." हा अपमान आहे हे मला घरी आल्यावर कळलं.

तुटका पाईप नीट तपासला. वर तंबाखू भरायचं भांडं, त्याला आडवी दांडी, आणि दांडीत खोवलेली काळी तोटी, जी तोंडात धरायची. तोटी शाबूत आहे. फुटलंय ते लाकूड. म्हणजे तोटी तीच ठेवून लाकूड नवं करायचं. विहीणबाईंनी दिलेलं निम्मं तरी राहील. हे सुचल्यावर जरा बरं वाटलं.

भांडं आतून अगदी कोरं आहे, काजळीचा ठिपका नाही. माणूस स्वच्छतेचा भोक्ता दिसतो. रोज घासत असणार. इस्पितळातली सवय.

१० मार्च

सकाळी दार वाजलं. बघतो तर व्याही! "काम कुठवर आलं ते पाहायला आलो," म्हणाले. काम अजून कागदावर होतं.

मी मनात म्हटलं, आता हा दगडासारखा बसणार आणि मला कापरं भरणार. पण छे! माणूस बोलायलाच लागला. खुर्चीत टेकल्यापासून जे सुरू झाले ते जेवणाची वेळ टळली तरी थांबेनात. मोज्यांच्या इलॅस्टिकवर बोलले, कबुतरांवर बोलले, भूल दिल्यावर माणसं काय काय बरळतात त्यावर तर तासभर. एक बडा अधिकारी म्हणे ऑपरेशनच्या टेबलावर बायकोची माफी मागत बडबडला होता, आणि बायको बाहेर बसलेली, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी हसलो, ते मान्य. पण डोकं भणभणलं. पहिल्या दिवशी मिठाची गुळणी धरून बसलेला हाच का तो?

११ मार्च

आले होते. पुन्हा.

१४ मार्च

रोज येतात. माझ्यावर देखरेख, दुसरं काय! मी करवत धरली की म्हणतात, "अंगठा सांभाळा, मी टाके घालत नाही, फक्त झोपवतो." आणि झोपवतातच, बोलून बोलून. त्यांना मी तसं म्हटलंही. मला वाटलं रागावतील. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. म्हणाले, "ही पण हेच म्हणायची."

संध्याकाळी ठमी बँकेतून आली की चप्पल काढता काढता पहिला प्रश्न: "आज काका आले होते का?" मी तक्रारींचा पाढा वाचतो. ती माझी बाजू घेईल असं वाटतं, पण ती गाणं गुणगुणत कपडे वाळत घालायला जाते. पोटची पोर, पण माझ्या डोकेदुखीचं तिला काही नाही.

१९ मार्च

पहिला ठोकळा गेला.

पुस्तकात लिहिलंय, आधी भोकं पाडा, मग आकार द्या. मी म्हटलं, आधी आकार तर येऊ दे, भोकांचं काय, आयुष्यभर दोन टोकांकडून खणत आणून मधोमध नळ जुळवलेत. आठवडाभर घासून सुरेख आकार आणला. आज दांडीतून गिरमिट फिरवलं, ते भांड्याच्या तळाला न मिळता पोटातून बाहेर आलं. सरळ बाहेर! व्याही समोरच बसलेले. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "पेशंट गेला. पण शांतपणे गेला."

दोघांनी चहा घेतला. खरं सांगायचं तर मला वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. आता आणखी तीन-चार आठवडे यांची वटवट ऐकावी लागणार, एवढंच मनात आलं. चहा जरा जास्त ठेवला होता, तो संपला.

२३ मार्च, रविवार

व्याही आले नाहीत. मुलाबरोबर कोट शिवायला टाकायला गेले म्हणे. बरं झालं. निवांत काम झालं असतं, पण हात चालेना. बाहेर तीनदा दार वाजल्यासारखं वाटलं.

२७ मार्च

दुसऱ्या ठोकळ्याला आधी भोकं पाडली. बरोबर तळाशी मिळाली. मी तोंड लावून फुंकलं, भांड्यातून भुसा उडाला आणि व्याह्यांच्या चष्म्यावर बसला. दोघंही शाळकरी पोरांसारखे ओरडलो.

त्या आनंदात मी त्यांना बुचाची गोष्ट सांगितली. आमच्या खात्यात नवा नळ जमिनीत टाकताना टोकाला लाकडी बूच मारतात, आत माती जाऊ नये म्हणून, आणि जोडायच्या आधी काढतात. एकदा माझ्या हाताखालचा नवा इंजिनियर ते काढायलाच विसरला. उद्घाटनाला नगराध्यक्ष आले, हार घातलेली तोटी फिरवली, टाळ्या वाजल्या, पाण्याचा थेंब नाही. सगळा रस्ता पुन्हा खणावा लागला. मी त्या पोराला पुढची कितीतरी वर्षं "काय बूचराव?" अशीच हाक मारायचो.

व्याह्यांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. माझी गोष्ट कुणी दोनदा ऐकायला मागितली, असं ही गेल्यापासून पहिल्यांदाच झालं.

३ एप्रिल

कानस, मग सँडपेपर, मग त्याहून बारीक सँडपेपर. हे काम मजेचं आहे. लाकडाच्या रेघा हळूहळू वर येतात. बोटाला खडबड लागते तिथे घासायचं, पुन्हा बोट फिरवायचं. यात तासन्‌तास जातात. व्याही बोलत असतात, मी घासत असतो. त्यांचा आवाज आता मला पंख्यासारखा झालाय, बंद झाला तरच लक्षात येतो.

आज म्हणाले, "आयुष्यभर मी ज्यांच्याशी बोललो ते दुसऱ्या मिनिटाला झोपले. तुम्ही पहिले जागे श्रोते."

मी म्हटलं, "अर्धवट."

११ एप्रिल

तेलाचा हात द्यायला घेतला. तेल आतल्या भोकात गेलं तर तंबाखूला वास लागेल, म्हणून त्याच लाकडाचं बारीक बूच करून दांडीत आतपर्यंत ठोकून बसवलं. असं चपखल बसलं की जोड दिसेना. जुनी विद्या कुठे जात नाही.

आता रोज एक हात तेल आणि वाळवणं.

१८ एप्रिल

उद्या लग्न. नोंदणी कचेरीत सह्या आणि मग घरच्यांचं जेवण. संध्याकाळी घाईघाईत तोटी बसवली, मऊ फडक्याने चमकवलं. काय देखणा झालाय! पुन्हा फुंकून बघायची गरज वाटली नाही. भोकं तर मार्चमध्येच तपासली होती.

ठमीने हातात घेऊन खूप वेळ पाहिला. "बाबा, हे तू केलंस?" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. लग्नाच्या आदल्या दिवशी मुली उगाचच रडतात.

१९ एप्रिल

पोरीचं लग्न झालं. सही करताना ठमीचा हात स्थिर होता, माझी सही मात्र चुकीच्या रकान्यात गेली.

जेवणानंतर मी सगळ्यांसमोर व्याह्यांना पाईप दिला. त्यांनी जुनी तोटी ओळखली. अंगठा त्या तोटीवर दोनदा फिरवला. मी म्हटलं, "अहो, ओढून तर बघा!" त्यांनी दातात धरला, एक दमदार झुरका घेतला. क्षणभर थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून म्हणाले, "वा! काय हलका ओढला जातो!"

टाळ्या पडल्या. माझी छाती गजभर फुगली. तंबाखूची पुडी पण आणली होती, ती त्यांनी "नंतर, नंतर" म्हणत खिशात टाकली. बायकामाणसांत धूर नको म्हणून असेल. सभ्य गृहस्थ आहेत.

२१ एप्रिल

ठमी आणि खांबाने नोकरीला होकार कळवला. मी म्हटलं, "मग इतके दिवस कशाला ताणून धरलं होतंस?"

"एक काम व्हायचं राहिलं होतं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"पाईप."

आता पाईपचा आणि नोकरीचा काय संबंध! हल्लीच्या मुलांचं डोकं कसं चालतं ते त्यांनाच ठाऊक. पण मी जिंकलो. ती जाणार. मला तेच हवं होतं. हेच तर मी महिनाभर सांगत होतो.

३ मे

गेली. दोघं गेली.

विमानतळावर मी आणि व्याही काचेला नाक लावून उभे होतो. खांब शेवटपर्यंत दिसत राहिला, उंचीचा एवढा तरी उपयोग. घरी आलो. तिच्या चपलांची जागा रिकामी आहे. भात दोघांचा टाकला गेला.

८ मे

व्याही रोज येतात, वेळेवर. पण आता पाईप तोंडात असतो. खुर्चीत बसतात, पाईप न पेटवताच दातात धरतात (दुसऱ्याच्या घरात धूर नको म्हणून असेल, आपल्या घरी ओढत असणार) आणि माझ्याकडे बघत राहतात. "हं." "हंहं." बस्स. कबुतरं नाहीत, मोजे नाहीत, कुणी बरळत नाही. पहिल्या दिवशीचा तोच दगड परत आला. पाईप मिळाला, गरज सरो आणि वैद्य मरो. मग येतात तरी कशाला?

मीही काही बोलत नाही. मी का म्हणून सुरुवात करू? घड्याळाची टिकटिक ऐकत आम्ही दोघं बसतो.

१५ मे

एवढा सुंदर पाईप मी करायलाच नको होता.

१८ मे, रविवार

आज व्याही दाताच्या डॉक्टरकडे जायच्या गडबडीत पाईप टेबलावर विसरून गेले. मी म्हटलं, महिना होत आला, काजळी धरली असेल, साफ करून ठेवू. भांड्यात डोकावलो तर आत लाकूड जसंच्या तसं, मी दिलं तेव्हासारखं पांढरं. फुंकलं. हवा जाईना. जोर लावून फुंकलं. कान बंद झाले, पण हवा नाही.

तोटी काढली. आत माझं बूच!

मी! ज्याने त्या पोराला आयुष्यभर बूचराव म्हणून पिडलं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आधी कानशिलं तापली, मग एकटाच मोठ्याने हसलो, मग हसू थांबलं. कारण लक्षात आलं, या पाईपमधून कुणाच्या बापाला झुरका मारता येणार नाही. मग "काय हलका ओढला जातो" हे काय होतं? महिनाभर हा माणूस घरी काय ओढत होता?

आणि जुन्या पाईपचं ते कोरं भांडं आठवलं. मी त्याला घासून पुसून स्वच्छ ठरवलं होतं. तो पाईपही कधी पेटला नव्हता!

१९ मे

व्याही आले. मी त्यांच्यासमोर पाईप धरला आणि म्हटलं, "आत बूच आहे."

"आहे ना," ते म्हणाले. "पहिल्याच झुरक्याला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर तुमची फजिती करू? शिवाय मला कुठे पेटवायचा होता. मी तंबाखूला कधी शिवलो नाही."

"मग हे तोंडात कशाला?"

त्यांनी पाईप माझ्या हातातून घेतला, पण तोंडात धरला नाही. म्हणाले, "ही म्हणायची, तुम्ही तोंड उघडलंत की समोरच्याला भूल चढते. मग एका वाढदिवसाला तिने पाईप आणून दिला. म्हणाली, हा दातात धरा आणि कधीतरी दुसऱ्याचंही ऐका. तुम्ही तो मोडलात आणि माझं तोंड सुटलं. नंतर मला लाज वाटायची, रोज जाऊन यांचं डोकं खातो. मग मुलं गेली. मला वाटलं, आता यांना बोलायचं असेल. मन मोकळं करायचं असेल. म्हणून मी पाईप धरून ऐकायला बसत होतो."

"रोज?"

"रोज. तुम्ही काही बोलतच नव्हता."

मी म्हटलं, "व्याही, मी तुमची वाट बघत होतो. तुम्ही बोलाल म्हणून. ठमी गेल्यापासून या घरात कुणी बोललेलं नाही. मला हे घर खायला उठतं. बोला हो काहीतरी. कबुतरांवर बोला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग घसा साफ करून म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का, कबुतराला स्वतःचं घर बांधायची अक्कल मुळीच नसते?"

२० मे

बूच काढायला घेतलं तर व्याह्यांनी हात धरला. "राहू द्या. ते तुमचं आहे, तोटी तिची आहे." मग मी स्वयंपाकघरातली फळी उखडली, बैठकीत दाराजवळ आणली आणि पातळी लावून सरळ ठोकली. आमच्याकडे आलं की चपला बाहेर आणि पाईप फळीवर, असा नियम केला. ऐकायची पाळी असेल तरच उचलायचा. मीही उचलू शकतो, असं त्यात आहे. पाईप अजून तरी घसरलेला नाही.

दुपारी ठमीचा फोन आला. पहिला प्रश्न तोच: "काका आले होते का?" मी म्हटलं, आले होते, सकाळपासून इथेच आहेत, आत्ता चहा टाकतायत आणि तिथूनही बोलतायत. ती हसत होती की काय करत होती कोण जाणे, लाईन जरा खराब होती.

व्याही दिवेलागणीला गेले. माझं डोकं उठलंय. उद्या जरा लवकर या म्हणून सांगितलंय.